नाळेतली एक रक्तवाहिनी कमी

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. म्हणून सातवा महिना लागताच मी प्रयोगशाळेतून रजा घेतली आणि सिहोऱ्याला आले. निघण्याआधीच्या सोनोग्राफीत डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, तुमच्या बाळाच्या दोनच दिसताहेत. बहुतेक वेळा काही होत नाही. बाकी सगळं ठीक आहे." पुढची तपासणी इथून जवळच्या तुमसरला करायची होती. घरी मी यातलं अक्षरही काढलं नव्हतं.

दुसरी एखादी एवढं ऐकून निर्धास्त झाली असती. माझं तर पोटच रक्तवाहिन्यांवर भरतं. मी झेब्रा माशांच्या पिलांवर काम करते. ही पिलं अंड्यात असतानाच आरपार दिसतात, रक्त कुठून कुठे वाहतं ते सूक्ष्मदर्शकाखाली नुसतं बघायचं. आमचा विषय एक एन्झाइम. पेशीत प्रथिनं बनताना अमिनो आम्ल त्याच्या वाहक आरएनएला जोडून देणं, हे त्याचं नेमलेलं काम. पण तेच एन्झाइम पेशीच्या केंद्रकात शिरून रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या जनुकाला आवरही घालतं. त्याला केंद्रकात शिरता येणार नाही असा बदल केला, की प्रथिनं नीट बनत राहतात, रक्तवाहिन्यांना मात्र नको तिथे फाटे फुटतात. बाकी सगळं ठीक असतं.

माझ्या बाळाच्या नाळेचा या एन्झाइमशी काही संबंध नाही, हे मी स्वतःला शंभरदा बजावलं. तरी डोळे मिटले की वेडीवाकडी रक्तवाहिन्यांची जाळी दिसायची, आणि मी पोटावर हात ठेवून पडून राहायचे. फार भीती वाटायची.

एके सकाळी बाबांनी धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातून मासोळ्या धरून आणल्या. आई राख लावून त्या साफ करत होती. त्यात निळ्या पट्ट्यांच्या चार-दोन दिसल्या आणि मी तोंड फिरवून मागे सरले.

"काहून वं? वास येऊन राहिला का तुले?"

"या पट्टेवाल्या माह्या कामातल्या आहेत. मले नको."

"अवं, लहानपणी त तूच धरून आणत होती!"

मी उगाच तिच्यावर खेकसले. मग रडू फुटलं आणि सगळंच तोंडातून बाहेर पडलं, नाळेचं, एन्झाइमचं, त्या पिलांचं. आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं एकच विचारलं.

"मंग ते पिल्लं मरतेत का?"

बिघडलेल्या पिलांचे आम्ही फोटो काढतो, ठरलेल्या दिवशी त्यांना औषधानं मारतो आणि टाकून देतो. ती पुढे वाढली असती की नाही, हे बघायला कुणी थांबत नाही. इतक्या वर्षांत मला हा प्रश्न पडलाच नव्हता.

"मले माहीत नाही, माय. आमी तेवढं थांबतच नाही."

आईनं एक मासोळी उचलून राखेत घोळली.

"आपण थांबू," ती म्हणाली. "आपण पाहू न बाई."

आवाज अगदी रोजचा होता. पण साफ करून झालेल्या त्याच मासोळीला ती पुन्हा पुन्हा राख लावत होती.