जाळी कोणी काढली होती

परवा नातवाने लोहाऱ्याला नेलं, त्याची फॅक्टरी दाखवायला. तिथे एक वही ठेवलीय... कोणी अपघातातून थोडक्यात वाचलं, की त्यात लिहायचं. "लागलं नाही तरी?" मी विचारलं. "तेच तर लिहायचं, आजोबा," म्हणाला. माझं तोंड उतरलं. त्याला वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

एकसष्ट-बासष्ट साल असेल. राळेगावकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, मी मिस्त्री होतो. वय बावीस, आणि अक्कल त्याहून कमी.

इंजिनाचा पट्टा घसरायचा, म्हणून चालू पट्ट्यावर राळ टाकायची पद्धत होती. पट्ट्यापुढे लोखंडी जाळी असायची, आणि राळ टाकायला दरवेळी तिचे चार नट खोलायचे... कोण करत बसणार? मी जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. हंगाम जोरात होता, कोणी काही बोललं नाही.

एक दिवस राळ टाकताना माझ्या खांद्यावरचा दुपट्टा पट्ट्यात गेला. मान ओढली गेली, पण कापड जुनं होतं, टरकन फाटलं म्हणून वाचलो. मुनीमजींनी मशीनपुढे नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि पट्टा पुन्हा सुरू. जाळी भिंतीलाच.

आणि मी काय केलं? जेवणाच्या सुट्टीत नक्कल करून दाखवली... डोळे कसे पांढरे झाले, हात कसे हलले. सरकी झाडणाऱ्या रुक्माबाई तर डोळ्याला पदर लावून हसल्या. मग रोजच फर्माईश, आणि मीही रोज नाटक करायचो. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

पंधरा दिवसांनी पट्ट्याखालची सरकी ओढताना रुक्माबाईंचा पदर अडकला. सोडवायला गेल्या आणि हात आत गेला... उजव्या हाताची चार बोटं गेली.

चौकशीला सरकारी साहेब यायच्या आधी मी जाळी बसवून टाकली. मला कोणी सांगितलंही नव्हतं. साहेबांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "जाळी होतीच साहेब. बाईनंच खालून हात घातला." तसंच कागदावर आलं, आणि रुक्माबाईंना पुन्हा कामावर घेतलं नाही.

आठवड्याने त्यांच्या घरी गेलो. वाटलं, शिव्या देतील... दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खाटेवर बसवलं, थोरल्या मुलीला चहा ठेवायला सांगितलं. म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, तुमचा दुपट्टा अडकला तवा मी बी हासलीच ना. तवाच समजाले पायजे होतं मले. माहीच चूक हाये."

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मी चहा पिऊन उठून आलो.

पुढे जिथे जिथे काम केलं, तिथे कोणी "थोडक्यात वाचलो" म्हणून हसायला लागला की मी आधी मशीन बंद करायचो. लोक भित्रा मिस्त्री म्हणायचे. का बंद करतो ते कोणाला सांगितलं नाही. परवा नातवालाही नाही.

रुक्माबाई केव्हाच गेल्या. त्यांच्या दोघी मुली कुठे तरी असतील, आता त्याही म्हाताऱ्या झाल्या असतील. कोणी ओळखत असाल तर एवढं पोचवा... तुमच्या आईची चूक नव्हती. जाळी मी काढली होती.