निंबाच्या गाडीला ताप

नवी गाडी घेतली की लोक पेढे मागतात, जुनी घेतली की सल्ले देतात. आमच्या निंबाने जुनी एसयूव्ही घेतली आणि तेव्हापासून सुरतच्या डिंडोलीतल्या आमच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नाही. कोणीही येतो, अर्धा चहा सांगतो आणि विचारतो, "काय, आज किती तापली?"

मी काही गाड्यांमधला माणूस नाही. साड्यांच्या पॅकिंग खात्यात घड्या घालण्यात माझं आयुष्य गेलं. पण एखादी वस्तू का बिघडली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे या गाडीचं बोनेट जेव्हा जेव्हा उघडलं, तेव्हा मी मान आत घालून हजर!

निंबा लूम कारखान्यात मास्तर, म्हणजे यंत्रमागांवरचा मुकादम. गाडी त्याने मिरवायला घेतली नव्हती, आईसाठी घेतली होती. तिला आम्ही सगळेच माय म्हणतो. मायला बस लागते. नवापूर यायच्या आत पोटातलं सगळं बाहेर! त्यामुळे साक्रीजवळ दिलेल्या धाकट्या बहिणीला ती कित्येक वर्षांत भेटली नव्हती. "पुढच्या सीटवर बसवून, काच उघडी ठेवून नेतो तुला," असा शब्द निंबाने दिला होता.

* * *

गाडी कतारगामच्या एका शेठकडून घेतली. शेठ बोलायला साखर. "गाडी तो बस मंदिरे ज गई छे, भाई!" असं तीनदा म्हणाला. निंबा विरघळला. फक्त देवळात गेलेली गाडी म्हटल्यावर घासाघीससुद्धा नीट केली नाही.

घरी आणताना उधन्याच्या पुलावरच तापमानाचा काटा लाल रेघेकडे निघाला. गाडी बाजूला घेतली. काटा उतरायची वाट बघत आमचा सुभाष गाडीला गोल फेरी मारून आला आणि मागच्या काचेपाशी थबकला. तिथे एक अर्धवट खरवडलेलं स्टिकर होतं. त्याने नखाने पुसून वाचलं. केदारनाथ!

"शेठ खोटं नाही बोलला," सुभाष म्हणाला. "कोणत्या मंदिरात, ते आपणच विचारलं नाही!"

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाखवायला निंबाने आम्हाला घरी बोलावलं. बघतो तर बोनेटवर ओल्या फडक्याच्या घड्या मांडलेल्या आणि माय शेजारी वाटीत पाणी घेऊन बसलेली. फडकं कोरडं झालं की उचलायचं, बुडवायचं, पिळायचं, परत ठेवायचं.

"माय, हे काय?" निंबा ओरडला.

"पोरले ताप उना का मी हाईच करस," माय शांतपणे म्हणाली. "तुले बी असंच करेल शे."

घड्या मात्र निंबाने दुपारपर्यंत काढल्या नाहीत.

* * *

सुभाष डाइंग मिलमध्ये बॉयलरवर आहे. जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ प्रेशरमध्ये असतं, असं त्याचं ठाम मत. बायको रुसली तरी तो म्हणतो, "प्रेशर वाढलंय."

त्याने गाडी पूर्ण थंड होऊ दिली, मग रेडिएटरचं झाकण उघडलं आणि आतलं रबर बोटाने चाचपलं. रबर बिस्किटासारखं तुटून त्याच्या हातात आलं. पाण्यावर दाब राहिला नाही की ते लवकर उकळतं, हे त्याने आम्हाला हातवारे करून समजावलं. मला एकदम पटलं. घरी कुकरची रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही आणि पाणी सगळ्या ओट्यावर, तसंच हे!

निंबा म्हणाला, "एवढंसं तर रबर आहे. चालवू काही दिवस."

सुभाषने झाकण त्याच्या नाकासमोर धरलं. "आमच्या बॉयलरला असं झाकण असतं ना, तर आज मी भिंतीवर फोटोत असतो. हारासकट!"

नवं झाकण आलं. काटा जरा खाली राहिला, पण अडाजणपर्यंत जाऊन येईस्तोवर परत वर. म्हणजे दुखणं आणखी कुठेतरी होतंच.

* * *

मग गाडी इक्बालभाईकडे गेली. उधन्यातला जुना मेकॅनिक. तो आधी गाडीकडे बघत नाही, मालकाकडे बघतो. त्याने रेडिएटरखालचा नळ सोडला. बादलीत जे पडलं ते टपरीवरच्या चहाच्या रंगाचं होतं.

"कूलंट कहाँ गया, निंबाभाई? ये तो बोरिंग का पानी है. जंग लग गया अंदर."

निंबा शपथेवर म्हणाला, "मी थेंबभरसुद्धा पाणी घातलं नाही!"

इक्बालभाईने आमच्याकडे पाहिलं. सुभाष वर पत्र्याकडे बघायला लागला. रोज सकाळी कामावर जाताना तो रेडिएटरच्या टाकीत थोडं पाणी घालत होता, निंबाला ताण नको म्हणून. संध्याकाळी येताना मी घालत होतो, त्याच कारणाने. आणि दुपारी माय घालत होती, कारण दुपारी ऊन फार!

"सेवा बहुत हुई है इसकी," इक्बालभाई म्हणाला.

* * *

पण खरा शोध लागला तो पुढची जाळी काढल्यावर. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये हवा जायला फट असते. तिथे हवा जायला जागाच नव्हती. राखाडी, मऊ, दाबून बसवलेली चक्क गादी निघाली. लूमच्या शेडमधला रुवा, म्हणजे सुताची उडती लव! निंबा गाडी कारखान्याच्या पंख्यासमोर लावायचा आणि शेडमधून उडालेला सगळा रुवा गाडी श्वासाबरोबर आत घ्यायची. हा माणूस रोज पाळी संपताना हवेच्या पाइपने एकेक लूम साफ करून घेतो, कामगारांवर खेकसतो, आणि गाडीचं नाक कधी पाहिलं नाही!

इक्बालभाई गादी ओढत होता. ओढता ओढता मागून गुलाबी कापड यायला लागलं. येतच राहिलं. शेवटी जरीचा काठ आला.

आमच्या सुरतेत कोणी गाडीला विकतचं कव्हर घालत नाही. डागाळलेली, विणीत चुकलेली साडी घालतात. कूलरवर साडी, शिलाई मशीनवर साडी, गाडीवरही साडी. निंबा रोज गाडीला साडी नेसवायचा आणि वाऱ्याने उडू नये म्हणून पदर पुढच्या जाळीत खोचायचा. एका सकाळी घाईत ओढली तेव्हा पदर फाटून आतच राहिला होता.

तेवढ्यात डबा घेऊन निंबाची बायको, आमच्या वहिनी, आल्या. त्यांनी तो काठ पाहिला. "अहो, ही तर माझी! डागाची नव्हती ही. ही मी पंचमीसाठी ठेवली होती!"

निंबाच्या कपाळाला घाम फुटला. इक्बालभाई एवढंच म्हणाला, "गाडी का टेम्परेचर तो अब ठीक हो जाएगा. बाकी का आप देख लो."

* * *

सगळं धुतलं, कूलंट भरलं. गावात गाडी अगदी गार. इंजिनाच्या पंख्याचा एक भाग मात्र घसरत होता आणि तो नवा यायला आठवडा लागणार होता. त्याच दिवशी साक्रीहून फोन आला. मावशीला तिचा मुलगा सोमवारी पायाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला नेणार आणि नंतर तिकडेच ठेवणार होता. मायने फोन ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. निंबा रडवेला झाला.

इक्बालभाई म्हणाला, "जाओ. घाट में सुई चढ़े तो हीटर फुल कर देना. इंजिन की गर्मी अंदर खींच लेगा."

रविवारी निघालो. वैशाखाचं ऊन. कोंडाईबारीच्या घाटात काटा चढला आणि निंबाने देवाचं नाव घेऊन हीटर फुल केला. चारी काचा उघड्या, तरी भट्टी! सुभाषने शर्ट काढला. माझा चष्मा घामाने घसरायला लागला. पण काटा खरंच हळूहळू उतरला. मला एवढा आनंद झाला की गरम होतंय हे मी विसरलो. पुढे बघतो तर मायने चपला काढून दोन्ही पाय गरम हवेच्या झोताशी नेलेले आणि डोळे मिटलेले. उलटी नाही, काही नाही.

"काय शेक लागी राह्यना रे! गुडघा मोकळा व्हई ग्यात."

घाट संपला. निंबाने हीटरकडे हात नेला.

"बंद करशी ते देख!" माय डोळे न उघडता म्हणाली.

गावात शिरलो. मावशी काठी टेकत अंगणात आलेली. आता दोघी गळ्यात पडून रडणार म्हणून आम्ही इंजिन चालूच ठेवून खाली उतरलो आणि लांब उभे राहिलो. सुभाषने तर रुमालही काढला. माय उतरलीच नाही. तिने हात लांब करून ड्रायव्हरच्या बाजूचं दार आतून ढकललं.

"शांते, रडजो नंतर. पहिले आत बठ. पाय आठे ठेव."

मावशी ड्रायव्हरच्या सीटवर बसली आणि तिनेही पाय गरम झोताशी नेले. निंबाने वाकून मीटर पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. उभ्या गाडीत काटा परत वर निघाला होता.

"माय, गाडी बंद करू दे! सुई वर चालनी!"

"तू तुन्ही सुई देख," माय म्हणाली, "आमले बोलू दे!"

आणि तिने काच वर केली.