खांबेट्यांचं गेरिख्ट

दिलीपराव गेल्याची बातमी मला युर्गनने कँटीनमध्ये दिली, आणि खरं सांगायचं तर पहिली काही मिनिटं मी ती मानलीच नाही. दिलीपराव खांबेट्यांच्या टेबलावरून आलेली एकही बातमी गेल्या सात वर्षांत खरी ठरलेली नव्हती. मार्चचा पहिला आठवडा होता, जर्मनीतल्या आमच्या नेकारसुल्मच्या द्राक्षमळ्यांत अजून नुसत्या काठ्या उभ्या होत्या. आमच्या टेस्टिंगच्या भागात कॅमेऱ्याचा फोन नेता येत नाही, म्हणून माझा फोन लॉकरमध्ये. दिलीपरावांच्या पत्नी शुभदावहिनींनी शेवटी ऑफिसच्या नंबरवर फोन केला आणि तो युर्गनने उचलला. युर्गन म्हणजे दिलीपरावांच्या शेजारच्या टेस्ट बेंचवरचा, पंचवीस वर्षं एकाच खुर्चीत बसलेला माणूस. ट्रे हातात तसाच धरून तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सबनीस, हे गेरिख्ट नाही." मग तो बसला, आणि आम्ही दोघांनीही बराच वेळ काही खाल्लं नाही... त्या शब्दाची गोष्ट सांगितल्याशिवाय दिलीपराव सांगता येणार नाहीत, म्हणून जरा मागे जातो.

दिलीपराव मूळचे सांगलीचे. इंजिनिअर होऊन अमेरिकेत एम.एस.ला गेले, तेही कुठे, तर चहूबाजूंनी मका असलेल्या एका लहानशा कॉलेजात, आणि तिथून जर्मनीत आले ते इथलेच झाले. उंची पाच फूट चार इंच. बास्केटबॉल हातात धरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि सामनेही ते फारसे बघत नसत. त्यांचा जीव होता सामने संपल्यानंतरच्या खेळात. अमेरिकेतल्या कॉलेजांचा बास्केटबॉलचा मोसम मार्च-एप्रिलच्या सुमाराला संपतो आणि मग कोचांची उचलबांगडी सुरू होते. हरलेल्याला काढतात, जिंकलेल्याला मोठं कॉलेज पळवतं, त्याच्या रिकाम्या खुर्चीवर तिसरा येतो, आणि या सगळ्याच्या आधी नुसत्या अफवा. दिलीपराव हे शुद्ध सोयरिकीच्या भाषेत सांगायचे. "त्या कॉलेजने याला बघितलाय, पण पसंती कळवलेली नाही." किंवा, "तो म्हणतो, मी आहे तिथे सुखी आहे. म्हणजे बोलणी देण्याघेण्यावर अडलीत." एकदा एका कॉलेजच्या गावी छोटं खासगी विमान उतरल्याचं त्यांनी इंटरनेटवर हुडकून काढलं आणि नवा कोच आला असं जाहीर करून टाकलं. ते विमान बियाण्यांच्या कंपनीचं निघालं. एका कोचच्या बायकोने घराचे पडदे उतरवले, एवढ्या एका बातमीवर त्यांनी आमचा पूर्ण आठवडा काढला. पडदे धुवायला काढले होते. वहिनी म्हणायच्या, "चाललंय उंटावरून शेळ्या हाकणं."

आता गेरिख्टबद्दल. जर्मनमध्ये अफवेला 'गेर्युख्ट' म्हणतात आणि जेवणातल्या पदार्थाला 'गेरिख्ट'. त्या 'र्यु'साठी ओठांचा चंबू करून आतून 'ई' म्हणावं लागतं. दिलीपराव वीस वर्षं जर्मनीत राहिले, घर घेतलं, कर भरला, कचऱ्याचे चार डबे बिनचूक वेगळे केले, पण तो चंबू त्यांना साधला नाही. मी इथे आलो त्याच्या पुढच्या वसंतात, २०११ साली, त्यांनी कँटीनच्या टेबलावर युर्गनला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "माझ्याकडे अमेरिकेतून एक नवीन गेरिख्ट आलंय." युर्गनचे डोळे चमकले. त्याने विचारलं, "कधी?" दिलीपरावांना वाटलं, अफवा पक्की कधी होणार असं विचारतोय. ते म्हणाले, "शुक्रवारी." शुक्रवारी युर्गन घरून स्वतःची ताटली आणि काटा घेऊन आला आणि सोबत दोन माणसं घेऊन आला. दिलीपरावांनी त्यांच्यासमोर लॅपटॉप उघडला. तिघं जर्मन भुकेल्या तोंडाने एका टकल्या अमेरिकन कोचचा फोटो बघत बसले.

असा प्रसंग माझ्यावर आला असता तर मी ती नोकरी सोडली असती. दिलीपरावांनी एकदा ताटलीकडे पाहिलं, एकदा काट्याकडे पाहिलं, शांतपणे स्वतःचा स्टीलचा डबा उघडला आणि त्यातली मटकीची उसळ तिघांना वाढली. युर्गनने विचारलं, "हे अमेरिकेतलं?" दिलीपराव म्हणाले, "याऽ, गेनाऊ, अगदी बरोबर. तिथल्या कॉलेजात हेच करतात." युर्गनचा आजही तसाच समज आहे आणि तो दुरुस्त करण्याची माझी इच्छा नाही. पुढे आमच्या अख्ख्या विभागात अफवेला गेरिख्टच म्हणू लागले, अगदी जर्मन लोकसुद्धा.

आता थोडं माझ्याबद्दल, नाइलाज आहे. मी दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो. बायकोची पुण्यात बँकेतली नोकरी, मुलीची शाळा, त्यामुळे एकटाच. आमच्या घरची शिकवण अशी, की कुणाच्या पानावर आयत्या वेळी जाऊन बसू नये, आणि बोलावलं तरी पहिल्या बोलावण्याला जाऊ नये. तिसऱ्याला जावं. पण इथे तिसरं बोलावणं कुणी करत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या पहिल्या हिवाळ्यात दिलीपरावांनी मला दोनदा जेवायला बोलावलं आणि दोन्ही वेळा मी "पुन्हा कधीतरी" म्हणालो. रविवारी दुकानं बंद, रस्त्यात माणूस नाही, मी दहीभात कालवून टेबलाशी बसायचो आणि बायकोला फोनवर सांगायचो की आज खांबेट्यांकडे जेवलो. ताकाला जाऊन भांडं लपवणारे लोक असतात. मी भांडंच घरी ठेवणारा होतो. एकटेपणाला भीड म्हणण्याची सोय आपल्याकडे आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेतला.

त्या ताटलीच्या शुक्रवारी सगळे उठून गेल्यावर दिलीपराव मला म्हणाले, "आल्झो, तर मग सबनीस, एक पैज. जिथे जिथे कोच बदलायचाय, तिथे मी नाव आधी सांगणार. चिठ्ठीवर लिहून डब्यात ठेवणार. चुकलं तर मी तुम्हाला जेवायला घालणार, बरोबर आलं तर तुम्ही मला." मी म्हटलं, "मला तर वरण लावता येत नाही." ते म्हणाले, "मग माझं चुको, अशी प्रार्थना करा." मी पैज घेतली, कारण जिंकलेलं जेवण हे कुणाचे उपकार नसतात. पहिलं नाव चुकलं. मी ताठ मानेने त्यांच्या घरी गेलो आणि चार पोळ्या खाल्ल्या. पुढच्या आठवड्यात दुसरं चुकलं, मग तिसरं. दिलीपराव दर वेळी कपाळाला हात लावून म्हणायचे, "हातातोंडाशी आला होता हो माझा माणूस," आणि वहिनी आतून विचारायच्या, "भावजी, भात आधी का पोळी?"

हा मोसम खरं तर मे महिन्यात संपायला हवा. पण दिलीपरावांचा संपेना. कोच संपले की ते असिस्टंट कोचांवर आले. ते संपले की मुलींच्या संघांचे कोच. ऑक्टोबरात व्यायाम करून घेणारे, आणि डिसेंबरात तर एका कॉलेजचं लाकडी मैदान पुसणारा म्हातारा निवृत्त होणार होता, त्याच्या जागी कोण, यावर चिठ्ठी पडली. मी म्हटलं, "दिलीपराव, हे कोणत्या वर्तमानपत्रात छापून येणार?" ते म्हणाले, "येणार नाही, म्हणजे माझं चुकलंच. शुक्रवारी सात वाजता या." मला तेव्हाही संशय आला नाही. मी इतकी वर्षं इंजिनांमधले दोष शोधण्याचा पगार घेतो, हे इथे नमूद करायला हवं.

गेल्या उन्हाळ्यात त्यांना पोटाचं दुखणं निघालं. आठ महिने ते घर आणि हाइलब्रॉनचं हॉस्पिटल अशा येरझाऱ्या घालत होते. पैज चालूच होती, फक्त जेवण वहिनी पाठवायच्या आणि मी त्यांच्या पलंगाशी बसून जेवायचो. फेब्रुवारीत त्यांनी मला तो स्टीलचा डबा दिला. झाकणाला चिकटपट्टी लावलेली होती. "माझ्या स्वतःच्या कॉलेजचा कोच या मोसमात जातोय," ते म्हणाले. "नवा कोण, ते आत लिहिलंय. जाहीर झाल्याशिवाय उघडायचं नाही." मी म्हटलं, "या वेळी तरी बरोबर येऊ दे." ते म्हणाले, "तुम्ही वरण लावायला शिका." मला वाटलं गंमत करतायत... ती आमची शेवटची भेट.

ते गेल्यानंतर पाचएक आठवड्यांनी त्यांच्या कॉलेजने नाव जाहीर केलं. जुन्या कोचचाच असिस्टंट. मी ते नाव इंटरनेटवर वाचलं, स्वयंपाकघरात उभा राहून डब्याची चिकटपट्टी काढली. चिठ्ठीवर तेच नाव होतं. खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, "सबनीस, हरलात. तुमच्या घरी, चार पानं. मीठ बेताने." मी खुर्चीत बसलो आणि मला रडू आलं. सात वर्षांत पहिल्यांदा त्यांचं नाव बरोबर आलं आणि ऐकायला ते नाहीत, या अन्यायाचंच मला रडू येत होतं. वहिनींना फोन करून मी तसं म्हणालोही.

 वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांची नावं नेहमीच बरोबर असायची हो. तुम्ही यायच्या आधी घरात मीच ऐकून कंटाळले होते." मग त्यांनी मला डॅरेलबद्दल सांगितलं. डॅरेल दिलीपरावांच्या कॉलेजात तेव्हापासून आजवर संघाचं सामान सांभाळतो. त्या भागातल्या आठ-दहा कॉलेजांतले सामानवाले सगळे एकमेकांचे दोस्त, आणि नवा कोच कोण हे जगात सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं, कारण त्याच्या मापाचे शर्ट त्यांना मागवावे लागतात. डॅरेल दिलीपरावांना दर रविवारी फोन करायचा. दिलीपराव ते नाव ऐकायचे आणि चिठ्ठीवर दुसरं लिहायचे.

"पण कशाला?" मी विचारलं. उत्तर मला कळलं होतं, तरी विचारलं. वहिनी म्हणाल्या, "शिकताना ते संध्याकाळी तिथलं मैदान पुसायचे ना, तेव्हाचा एक कोच होता. यांना नावाने हाक मारणारा सबंध कॉलेजात तेवढा एकच. त्याला एका सकाळी काढलं. यांनी त्याची खोकी गाडीत ठेवायला मदत केली आणि संध्याकाळी खिचडी खायला बोलावलं. तो म्हणाला, पुन्हा कधीतरी. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून गेला. हे मला नेहमी म्हणायचे, शुभदा, सगळं गाव नवा कोण येणार हेच विचारत होतं, आणि तो बिचारा कुठेतरी एकटा जेवत असेल. मी तेव्हा त्याला 'बरं' म्हणून सोडायला नको होतं... मग तुम्ही आलात आणि तुम्हीही तेच म्हणालात. दोनदा."

पैज म्हणजे पैज. शनिवारी मी वरण लावलं. इंटरनेटवर बघून पहिलं, मग पुण्याला बायकोला फोन लावून दुसरं. ती म्हणाली, "सात वर्षांत तुझ्याकडे कुणी जेवायला येतंय, हे मी पहिल्यांदा ऐकतेय." मला ते लागलं, कारण खरं होतं. संध्याकाळी वहिनी आल्या, त्यांची मुलगी मीरा आली, युर्गन आला. माझ्याकडे ताटं दोनच आहेत हे मला भात उतरवताना लक्षात आलं. मी काही बोलायच्या आत युर्गनने पिशवीतून स्वतःची ताटली आणि काटा काढला. सोबत आणखी दोन ताटल्या होत्या. म्हणाला, "खांबेटेने जानेवारीतच सांगून ठेवलं होतं, सबनीसकडे भांडी नसतील." मटकीची उसळही केली होती, तिला मोड कमी आणि मीठ जास्त. मीरा मराठी समजते पण बोलत नाही, तिने जर्मनमध्ये विचारलं, "बाबाची रेसिपी?" मी मान हलवली. युर्गन तिला म्हणाला, "अमेरिकेतली." ती खूप हसली आणि मग डोळे पुसत पाणी प्यायली.

निघताना मी वहिनींना तो डबा परत दिला. डबा रिकामा परत देऊ नये, म्हणून उसळ भरली होती. वहिनी दारात थांबल्या. घर आता फार मोठं वाटतं, असं त्या चपला घालताना म्हणाल्या. मीराची सुट्टी रविवारी संपणार होती आणि ती म्युनिकला परत जाणार होती. मी म्हटलं, "पुढच्या शुक्रवारीही या की जेवायला." त्या म्हणाल्या, "पुन्हा कधीतरी येईन हो, भावजी."

मी त्यांच्या हातातून डबा काढून घेतला. "वहिनी," मी म्हटलं, "मोसम अजून संपलेला नाही. असिस्टंट कोच झाला, आता असिस्टंटची जागा रिकामी. पैज तुमच्याशी. माझं नाव चुकलं तर जेवण माझ्याकडे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "लिहा." मी एक नाव लिहून चिठ्ठी झाकणाखाली खोचली. डॅरेलचा नंबर त्यांनीच मला दिला होता आणि मी त्याला दुपारीच फोन केला होता, त्यामुळे लिहिलेलं नाव साफ चुकीचं आहे याची मला पूर्ण खात्री होती. हे इथे छापून येईल तेव्हा पंचाईत होईल, असं बायको म्हणते. पण वहिनी सांगतात की त्या पुरवण्या वाचत नाहीत, आणि पाच शुक्रवार झाले, त्या सात वाजता येतात.