साडेसहाचा ब्रेक

लंडनमधल्या पिनरच्या घरी मी सहा महिने राहिले आणि तुम्हा दोघी बहिणींचं जेवण मोडलं. तोंडानं कबूल करायला जमलं नाही, म्हणून पुण्याहून लिहिते आहे.

मी आले तेव्हा तुम्ही संध्याकाळी आदल्या दिवशीचं काहीतरी मायक्रोवेव्हमध्ये गरम करून, समोर फोन उभा करून जेवायच्यात. फोनमध्ये तुमची आई. हॉस्पिटलात तिची लेट शिफ्ट, साडेसहाला ब्रेक. मला ते बघवेना. मी उभं आयुष्य शाळेत शिकवलं. कामावरच्या माणसाला घरचा फोन म्हणजे बेशिस्त, हे माझ्या डोक्यात पक्कं. मी ताज्या पोळ्या सुरू केल्या आणि टेबलावरचा फोन उचलला.

"आजी, मम्मा वेट करत असेल," धाकटी म्हणाली.

"आई कामावर आहे. तिला त्रास द्यायचा नाही."

"पण तिचा ब्रेक असतो," थोरली म्हणाली.

"मग बसू दे की तिला निवांत."

थोरली आधी अर्ध्या पोळीवर उठू लागली. मग शाळेतून येताना चिप्स खाऊन यायची आणि थेट खोलीत जायची. मी तुमच्या आईलाच ऐकवलं, "आई घरात नसली की मुली अशाच खातात."

महिन्याभरानं तिची बॅग आवरताना डबा हाताला लागला. तसाच भरलेला.

"एकटीला जात नाही हो, आई," ती म्हणाली. "मुलींना आता तुमच्या हातचं गरम मिळतं. माझा फोन कशाला हवा त्यांना? मोठ्या झाल्या."

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावून टेबलावर ठेवला. धाकटी बसली. थोरलीला बोलवायला गेले, तर ती दार न उघडताच म्हणाली, "इतके दिवस मम्मानं तरी कुठे विचारलं?"

तुमच्या आईनं मला एका शब्दानं दुखावलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आईंमुळे मुलींना घरचं मिळतं. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

धाकटी सांगते, थोरली अजून खोलीतच जेवते. पोरी, आईनं विचारलं नाही, कारण मी तुझ्या आणि तिच्या मध्ये बसले होते. रागवायचं तर माझ्यावर रागव. तिचा डबा अजूनही भरलेलाच घरी येतो.