सुमित्राचा उजवा हात

सुमित्रा चुलीतला निखारा नुसत्या बोटांनी उचलून सासूच्या शेगडीत ठेवायची. चिमटा शेजारीच पडलेला असायचा. पण सासू म्हणायची, "तुले काय लागते वं? मेलाच आहे तुया हात."

तो हात मेला होता सासूच्याच मुलामुळे. दारूच्या नशेत त्याने फोडलेली बाटली सुमित्राच्या मनगटात घुसली. जखम भरली, आतली नस मात्र तुटलेलीच राहिली. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. गांधीबागेमागच्या त्या गल्लीत मी त्यांची शेजारीण, सरकारी दवाखान्यात नर्स. तिच्या फोडांना मलम मीच लावायची.

"नाही म्हणून सांगत का नाहीस?" मी एकदा चिडून विचारलं.

"काहून सांगू ताई? तिले हसू येते अन् मले दुखत नाही. कोनाचं काय जाते?"

सत्तरच्या दशकात आमच्याकडे नसा जोडणारे एक डॉक्टर आले. पोटरीतली नस काढून मनगटात शिवायची, असं त्यांनी समजावलं. पावलाची कड मात्र कायमची बधिर होणार होती. सुमित्रा म्हणाली, "पायानं कोनी निखारा उचलाले नाही सांगत ना? मंग घ्या काढून."

ऑपरेशननंतर कित्येक महिने बोटांना काहीच जाणवलं नाही. मग मुंग्या आल्या. मग नुसता पदर घासला तरी ती कळवळू लागली. एका सकाळी तिने नेहमीसारखा निखारा उचलला आणि किंचाळून टाकून दिला.

"नाटकं!" म्हातारी म्हणाली. "उचल."

सुमित्राने उचलला. या वेळी तोंडातून आवाज काढला नाही. त्यानंतरही रोज उचलत राहिली.

"अगं, आता तरी सांग तिला," मी म्हणाले.

"दुखते हे समजलं, तर ती जास्तच मजा घेईन."

पुढे नवरा घर सोडून गेला. दोघीच उरल्या. म्हातारी तापाने अंथरुणाला खिळली. मी पाहायला गेले, तेव्हा ती पुटपुटत होती, "कपाळाले हात लाव वं. लय ताप आहे का? डॉक्टरले बोलाव."

सुमित्राने उजवा हात ठेवला. "ताप नाही, आत्याबाई. झोपा."

मी पुढे होऊन कपाळ पाहिलं. चटका बसला.

"सुमित्रा, अंग भाजतंय यांचं!"

"मालूम आहे मले."

मी डॉक्टरांना आणायला धावले. परत आले, तेव्हा तिचा हात कपाळावर तसाच होता. म्हातारीचा श्वास थांबला होता.

"आता थंड होऊन राहिली," सुमित्रा म्हणाली.