कोंबडा की कोंबडी

आम्ही तिघी दर मे महिन्यात चार दिवस आंदर मावळात जातो. जातो म्हणजे पडून राहायला जातो. त्याच दिवसांत सगळी दुनिया लोणावळ्याला जाऊन गाड्यांच्या रांगेत उभी राहते आणि चिक्कीची खोकी घेऊन परत येते. त्यांच्याविषयी मला काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणायचं पुष्कळ आहे, पण इथे नको. आम्ही कान्हे फाट्याला उतरतो, टाकव्यापर्यंत वडापच्या जीपमध्ये कोंबून घेतो आणि पुढे एसटी मिळाली तर एसटीने, नाही तर पायी. एसटी बहुतेक मिळत नाही.

तिघींपैकी एकीला आम्ही बाई म्हणतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि तरुणपणी तीन वर्षं याच गावात नोकरीला होती. ज्या मावशींच्या घरात तिने तेव्हा खोली घेतली होती, त्यांच्याच पडवीत आम्ही अजून उतरतो. दुसरी सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त झाली, पण आम्ही अजून तिला सिस्टरच म्हणतो. आणि तिसरी मी. तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये जन्म घालवला. लग्न केलं नाही. लोक 'जमलं नाही' म्हणतात, तेही खोटं नाही.

सिस्टर माझ्या समोरच्या दारात राहते. तळेगावला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट आहेत, एक तिचा, एक माझा. मधली जागा तीन पावलांची. तिचे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत संध्याकाळचा चहा मी एकटीने प्यायल्याचं मला आठवत नाही. एक दिवस तिच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. दारं उघडीच असतात. भाजीला फोडणी तिने दिली की शिंक मला येते.

यंदाच्या मे महिन्यात, दुसऱ्या दिवशी, जेवणं झाल्यावर आम्ही पडवीत चटया टाकून आडव्या झालो होतो. दुपारी बारा ते चार त्या गावात काही घडत नाही. गुरं आंब्याखाली बसून असतात. भाताची खाचरं पालापाचोळा जाळून, राब भाजून काळी पडलेली असतात आणि त्यांच्यावरची हवा हलताना दिसते, त्यामुळे पलीकडचा डोंगर जागेवर नाही असं वाटतं. धरणाचं पाणी इतकं मागे गेलेलं असतं की ते पाणी आहे की नुसता उजेड, हे ओळखू येत नाही. शेण-मातीचा गार वास खालून येतो, कौलांतून उन्हाचे चार-पाच ठिपके अंगावर पडतात आणि हळूहळू सरकतात. मी एक ठिपका मनगटापासून कोपरापर्यंत जाईस्तोवर पाहिला आहे. त्या वेळात मी झोपेत असते की जागी, हे मला कधीच सांगता आलेलं नाही.

म्हणून सिस्टर बोलली तेव्हा आधी मला ते स्वप्नातलंच वाटलं.

"मी लग्न करावं म्हणते," ती कौलांकडे बघत म्हणाली.

बाई ताडकन उठून बसली. मी पडूनच राहिले.

मग तिने सावकाश सगळं सांगितलं. नागपूरचे गृहस्थ. रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झाले. पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. सिस्टरच्या भाचीच्या मंगल परिणयात, विहारात, जेवणाच्या पंगतीत दोघं शेजारी बसले होते आणि ते म्हणे भात वाढणाऱ्याला थांबवत म्हणाले, "यांना आधी, यांचं पान रिकामं आहे." एवढ्यावरून सुरुवात. नंतर फोन. नंतर एकदा ते पुण्याला येऊन गेले. त्या दिवशी सिस्टरने मला 'दाताच्या डॉक्टरकडे जाते' असं सांगितलं होतं. विहारात दहा माणसांत लग्न करायचं, मग नागपूरला त्यांच्या घरी राहायचं. त्यांनी उत्तर मागितलं होतं आणि तिने उद्या सकाळी फोन करते म्हणून सांगितलं होतं.

"तुम्ही दोघी काय म्हणता?" तिने विचारलं.

"कर की!" बाई म्हणाली. "मला आधी का नाही सांगितलंस, मी केव्हाच म्हटलं असतं."

मी म्हणाले, "नागपुरात उन्हाळा फार असतो."

बस, एवढंच. नंतर कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. साठीला आलेल्या बाईने फुगून बसावं हे शोभत नाही, मला माहीत आहे. पण मी फुगले. दाताच्या डॉक्टरचं तर मला इतकं लागलं की लग्नाचं त्यापुढे काहीच नाही. चारच्या चहालाही मी उठले नाही, तेव्हा मावशी आतून म्हणाल्या, "ह्यांचं काय बिनासलंय ओ बाई? हाक मारली तरी उठंनात."

"त्यांना उन्हाळा लागलाय," बाई म्हणाली आणि ती नि मावशी दोघी हसल्या. मला ऐकू येईल असंच हसल्या.

उन्हं कलल्यावर मावशींनी आम्हाला करवंदांना नेलं. घरामागच्या उतारावर जाळ्या आहेत, माणसाच्या छातीएवढ्या. त्यांत हात घालायचा म्हणजे काट्यांची परवानगी घेऊन. "काळं बघून घ्या," मावशी सांगत होत्या, "लालसर घ्याल तर चीक लागंल व्हटाला, लय चिकाट असतो." मग त्यांची गाय खाली ओढ्यात उतरलेली दिसली आणि त्या तिच्या मागे निघून गेल्या. आम्ही पळसाच्या पानांचे द्रोण भरत राहिलो. वारा पडला होता. कुठे तरी पावशा एकच शब्द पुन्हा पुन्हा विचारत होता. करवंदं तापलेली होती, तोंडात गेली की कोमट गोड आणि शेवटी जरा आंबट. मी मनात म्हटलं, असंच राहू दे, कुणी काही बोलू नये, अंधार पडू नये, उद्या उजाडू नये.

बाईला गप्प बसवत नाही. ती वरच्या जाळीपासून ओरडली, "हिला विचारून उपयोग नाही. आपण करवंदालाच विचारू! कोंबडा निघाला तर होकार, कोंबडी निघाली तर नकार."

ज्यांचं लहानपण डोंगराजवळ गेलेलं नाही त्यांना सांगते. करवंद खाण्याआधी एकमेकांना विचारायचं, कोंबडा की कोंबडी? मग अर्धं तोडून आत बघायचं. काही करवंदं आतून लालभडक असतात, काही फिक्कट पांढरी. त्यावरून कोण जिंकलं ते ठरतं. आमच्या तळेगावात लाल निघालं तर कोंबडा, कारण कोंबड्याचा तुरा लाल. यात कुणाचं दुमत असू शकतं असं मला तोवर वाटलं नव्हतं.

"फोडायचं कुणी?" सिस्टरने विचारलं. ती हसत होती, पण हसणं डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं.

"ही फोडेल," बाई म्हणाली. "दुपारपासून तोंड बंद आहे, निदान करवंदासाठी तरी उघडेल."

सिस्टरने तिच्या द्रोणातलं एक करवंद उचलून माझ्या हातावर ठेवलं. टपोरं, काळं, देठाशी चिकाचा एक थेंब. मी अर्धं तोडलं आणि पाहिलं.

लाल. इतकं लाल की बोटं माखली.

मी उरलेलं पटकन तोंडात टाकलं आणि म्हणाले, "कोंबडी."

खोटं बोलायला मला फार वेळ लागला नाही, हे लिहून ठेवते. कारखान्यात अठ्ठावीस वर्षांत एका बोल्टचं खोटं मी बोलले नाही. आणि तिथे, मैत्रिणीच्या अख्ख्या पुढच्या आयुष्याचं, चटकन बोलून गेले. रस हनुवटीवर ओघळला. सिस्टरने सवयीने रुमाल काढला, माझी हनुवटी पुसली. मग रुमालाकडे पाहिलं. त्यावर लाल डाग होता, अगदी स्पष्ट.

"कोंबडीच," ती शांतपणे म्हणाली. "बरं."

रुमालाची घडी घालून तिने पर्समध्ये ठेवला आणि ती करवंदं तोडायला लागली. बाई वरून "अरेरे!" म्हणाली, तिला वाटलं गंमतच चालली आहे.

घरी येईपर्यंत मी तेच घोळवत होते. तिने लाल डाग पाहिला होता. पाहूनही कोंबडीच म्हणाली. म्हणजे मी खोटं बोलले हे तिला कळलं, आणि का बोलले तेही कळलं, आणि तिने तिचं नागपूर असं माझ्या पुढ्यात ठेवून दिलं, रुग्णाने नको म्हटलेलं औषध बाजूला ठेवतात तसं, मुकाट्याने. रात्री मावशींनी तांदळाची भाकरी केली, बोंबलाची चटणी केली. सिस्टर नेहमीसारखी जेवली, नेहमीसारखी बोलली. स्वतःची इतकी किळस मला याआधी आली नव्हती.

सकाळी जाग आली तेव्हा तिची चटई गुंडाळलेली होती. त्या गावात मोबाईलला रेंज फक्त शाळेमागच्या टेकाडावर येते. मी चपला अडकवल्या आणि निघाले. ऊन अजून आलं नव्हतं. चुलींचा धूर कौलांवर थांबून राहिला होता, वर जायचं विसरल्यासारखा. खाली धरणाचं पाणी पांढरं होतं आणि त्याच्या काठाने कुणी तरी गुरं हाकत होतं, आवाज मात्र येत नव्हता. टेकाडावर सिस्टर एका दगडावर बसली होती. हातात फोन. अजून लावला नव्हता.

मला धाप लागली होती. तरी मी उभ्याउभ्याच म्हणाले, "काल कोंबडा होता."

"काय?"

"करवंद. लाल होतं. कोंबडा होता. मी खोटं बोलले."

ती माझ्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली. "अगं, लाल होतं ते मी पाहिलं की. लाल म्हणजे कोंबडीच!"

"लाल म्हणजे कोंबडा."

"आमच्या जुन्नरकडे लाल ती कोंबडी. पोटात अंडं असतं ना तिच्या, म्हणून आतून लाल. आणि पांढरा तो कोंबडा, पोकळ."

मी तिच्याशेजारी खाली बसले. म्हणजे माझं खोटं तिच्या गावच्या हिशेबाने खरं होतं. तिला काहीच कळलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर जन्मात कळलं नसतं.

तिचं हसू हळूहळू थांबलं. तिला आत्ता कळत होतं, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"म्हणजे तुझ्या हिशेबाने होकार निघाला होता," ती म्हणाली. "आणि तू मला नकार सांगितलास."

"हो."

"मला अडवायला."

"हो."

मी गवताची काडी मोडत बसले. मग ती म्हणाली, "मी त्यांना नाही सांगायलाच आले होते इथे. करवंदामुळे नव्हे. एवढी वेडी नाही मी. काल दुपारपासून तू फिरवलेली पाठ बघून." तिने फोन दुसऱ्या हातात घेतला. "आता करवंद राहू दे. तुझ्या तोंडून सांग."

मला वाटलं होतं काही तरी मोठ्या मनाचं सुचेल. सुचलं नाही. मी म्हणाले, "तू गेलीस की समोरचं दार बंद राहणार. मला त्याची भीती वाटते. फार भीती वाटते. संध्याकाळी काय करायचं हेच मला माहीत नाही." मग नाक पुसलं आणि म्हणाले, "तरी तू जा. तुझं पान रिकामं आहे हे मला अकरा वर्षांत दिसलं नाही गं, त्यांना एका पंगतीत दिसलं."

ती रडली. मी पण रडले. पाठीमागच्या शाळेच्या पत्र्यावर कावळा ठकठक करत चालत होता आणि आम्हाला थांबायला काही कारण नव्हतं.

मग तिने फोन लावला. "हो," म्हणाली. पुन्हा एकदा, जरा मोठ्याने, "हो म्हणतेय." पलीकडून काय आलं ते मला ऐकू गेलं नाही, पण ती लाजली. नंतर एकदम म्हणाली, "थांबा, हिच्याशी बोला," आणि फोन माझ्या हातात कोंबला.

त्या माणसाशी मी आयुष्यात बोलले नव्हते. ते "नमस्कार ताई" म्हणाले आणि मला जे येत होतं ते मी बोलले. म्हटलं, ती 'मला काही नको' म्हणाली तर दुसऱ्यांदा विचारा, तिला हवं असतं. म्हटलं, डावा गुडघा दुखतो, जिन्यावर बरोबर चाला पण हात धरू नका, तिला राग येतो. म्हटलं, चहाचा अर्धा कप होईपर्यंत तिला काही विचारू नका, आणि चहात साखर—

"ताई, एक मिनिट," ते म्हणाले. "लिहून घेतो."

खण उघडल्याचा आवाज आला. कागद उलटल्याचा. मी थांबले. हे सगळं मला तोंडपाठ होतं आणि आता त्याचा मला काही उपयोग नव्हता.

"हं, सांगा. पहिल्यापासून."

मी पहिलं वाक्य सुरू केलं आणि माझा आवाज बसला. सिस्टर पाण्याकडे बघत होती.

"सावकाश सांगा ताई," ते म्हणाले. "मी थांबलोय."