कडेच्या अणूचा शेजारी

लोहचुंबकाचे तुकडे करत गेलं, डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक, की ते चुंबकासारखं वागणं हळूहळू विसरतात. ते का आणि कधी विसरतात, हे प्रयोग न करता संगणकावर मांडून बघायचं, हा माझा पीएच.डी.चा विषय. तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं आणि उरलेला वेळ आमच्या गोरेगाव खेड्यातल्या घरी लॅपटॉपपुढं डोकं फोडून घ्यायचं, असं माझं चाललं होतं.

"दिसभर त्या डब्यात काय पाहून राहिलीस?" माय विचारायची.

"लोखंडाचे कण."

"मंग मला काहून दिसून न्हाई राहिले?"

मी चिडायचे. मला चिडायला फार काही लागत नाही.

पण त्या दिवसांत चिडायला खरंच कारण होतं. विद्यापीठातल्या एका मैत्रिणीनं असे कण तयार करून त्यांचं मोजमाप केलं होतं. तिचे कण तापवले की त्यांचं चुंबकत्व लवकर ढासळायचं. माझे संगणकातले कण मात्र तेवढ्याच उष्णतेत ताठ उभे. मी आकडे तपासले, सूत्रं पुन्हा मांडली, मैत्रिणीच्याच मोजमापावर शंका घेऊन तिच्याशी भांडूनही झालं. मार्गदर्शक सर शांत माणूस, पण शेवटी त्यांनीही फोनवर सांगून टाकलं, "पुढच्या बैठकीपर्यंत जुळलं नाही तर विषय बदलू. ओढत बसण्यात अर्थ नाही." विषय बदलायचा म्हणजे सगळं पहिल्यापासून. मला रडू आलं, आणि रडू आलं याचा रागही आला. त्या कणांवर माझा जीव होता, दुसरं काय.

बैठक जवळ आली होती. त्या सकाळी सेनगावला कॉलेजात जायला काळीपिवळी जीपमध्ये बसले, मागच्या बाकावर. "सरका की ताई, अजून एक मानूस बसून राहिलं," ड्रायव्हर म्हणाला, आणि एक आजी चढून माझ्या डाव्या हाताला, दारालगत टेकली. दार कसलं, सुतळीनं बांधलेलं फळकूट. आत आम्ही एकमेकांत इतके रुतून बसलेलो की खड्डा आला तरी कुणी जागचं हलेना. आजी मात्र प्रत्येक खड्ड्याला उडायची. शेवटी तिनं माझा दंड गच्च धरला.

"धरू दे बाई. माह्या त्या अंगाला कुनीच न्हाई."

"धरा ना आजी," मी म्हणाले, आणि पुढच्या क्षणी माझी चूक डोळ्यांपुढं आली.

माझ्या मॉडेलात प्रत्येक अणूला सगळ्या अंगांनी शेजारी होते. मोठ्या लोखंडाचा अभ्यास करताना आम्ही लोक एक युक्ती करतो. छोटा ठोकळा घ्यायचा आणि त्याची एक कड समोरच्या कडेला जोडून टाकायची. मग ठोकळ्याला कड उरतच नाही, आणि थोडक्या अणूंत अख्ख्या लोखंडाचं काम भागतं. तोच जुना प्रोग्राम मी बारीक कणासाठी उचलला, आकार बदलला आणि ती जोडणी तशीच राहू दिली. म्हणजे दारातल्या आजीच्या पलीकडं मी बाकाच्या पार दुसऱ्या टोकाचा माणूस आणून बसवला होता! ती पडणार कशी? बारीक कणात तर कडेच्या अणूंचीच गर्दी, आणि शेजारी कमी म्हणून डळमळतातही तेच आधी.

आजी मध्येच एका फाट्यावर उतरली. कॉलेजात पोचताच मी ती जोडणी तोडली, प्रोग्राम चालू केला आणि तासाला गेले. त्या दिवशी पोरांवर एकदाही ओरडले नाही. दुपारी येऊन बघते तर माझ्या कणांच्या चुंबकत्वाची वक्ररेषा खाली वळलेली. मैत्रिणीच्या रेषेवर तंतोतंत नाही बसली, पण तिच्याच वळणानं उतरत होती.

सरांना पाठवली. मग फोन आला, "अहो, हे मलाही दिसायला हवं होतं. विषय बदलायचा नाही."

घरी आल्यावर माय म्हणाली, "दिसले का कण?"

"व्हय," मी म्हणाले आणि तिच्या गळ्यातच पडले.

प्रबंधात आता एक वाक्य आहे: 'पृष्ठभागावरील अणूंना बाहेरील बाजूस शेजारी अणू नसतात.' अगदी कोरडं वाक्य. बैठकीत ते वाचताना माझा हात आपसूक डाव्या दंडावर गेला, आजीनं धरला होता तिथं.